लेखी कळवलंत का, आणि कधी?

प्रश्न: देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. गेल्या मे महिन्यात आंबा कॅनिंगला एका कारखान्यात दिला. फळ आमचं, लेबल आमचं. रस काढून डबे भरायची मजुरी त्यांची. 4 जूनला 850 ग्रॅमचे 3000 डबे ताब्यात मिळाले. आठवड्यातच डबे फुगायला लागले, आजवर 700 गेले. मालकांना कितीदा फोन केले, फोटोही पाठवले. ‘गणपती झाल्यावर बघू’ म्हणाले. मी 1,90,000 रुपयांचं बिल थांबवलं. करार केलेला नाही. चलनावर ‘माल नेल्यावर तक्रार चालणार नाही’ असं छापलंय. आता लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलची नोटीस आली आहे, व्याजासकट पैसे द्या म्हणून. चूक त्यांची, मग मी का द्यायचे?

उत्तर: तुमच्या पत्रात ‘फोटोही पाठवले’ हे दोनच शब्द कामाचे आहेत आणि नेमकी त्यांचीच तारीख तुम्ही लिहिलेली नाही. पावसाळा सरला की अशी पत्रं येतात: कॅनिंगची, काजू फोडायला दिल्याची, कोकम सरबत भरून घेतल्याची. फोन किती केले ते सगळे सांगतात, कागद एकाकडेही नसतो. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण बहुतेकांची बाजू खरी असते.

लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यात कलम 2(ब) आहे. माल किंवा काम मिळाल्यापासून 15 दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतलीत, तर ती हरकत कारखानदार दूर करेल तो दिवस ‘स्वीकृतीचा दिवस’ ठरतो. हरकत घेतली नाहीत, तर माल मिळाला तोच दिवस. पैसे कधी द्यायची तारीख लेखी ठरलेली नसेल, तर स्वीकृतीनंतरचे 15 दिवस संपले की थकबाकी सुरू. म्हणजे 19 जूनपर्यंत तुमचं लेखी काही गेलेलं नसेल, तर 20 जूनपासून व्याज चालू आहे; तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ.

तेव्हा आजच व्हॉट्सॲप उघडा. 19 जूनपर्यंतचा फोटो आणि त्याखाली ‘डबे फुगलेत, बघून घ्या’ एवढी ओळ सापडली, तरी ती लेखी हरकत आहे असं आपल्याला ठामपणे मांडता येईल. नुसता फोटो असेल तर वाद होईल. फोनवरचं बोलणं लेखी नव्हे. तो मोबाइल बदलू नका, चॅट पुसू नका. छापील प्रत काढाल तेव्हा भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागेल, ते वकिलाकडून करून घ्या.

संदेश सापडला नाही तरी सगळं संपत नाही. व्याज अंगावर येईल, पण नुकसानीचा दावा उरतो. कौन्सिलपुढे खरेदीदाराला प्रतिदावा करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालात मान्य केलं आहे. 700 डब्यांतल्या आंब्याची किंमत, त्यांची मजुरी, दुकानदारांना परत केलेले पैसे, हे मागा. नाव खराब झाल्याची भरपाई मिळेल असं मी सांगणार नाही. चलनावरच्या त्या ओळीला मी फार भीत नाही. तेवढ्यावर दावा फेटाळला जाईल असं वाटत नाही. कारखान्याची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी झालेली नोंद, कधीची आहे तेही तपासा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका, त्या मुद्द्यावर निकाल एकसारखे नाहीत.

आता डबे. कारखानदार तीन गोष्टी म्हणेल: फळात साका (आतून खराब झालेला गर) होता, तुम्ही डबे उन्हात ठेवलेत, पत्राच खराब होता. डबा फुगण्याची कारणंही अनेक असतात. उकळ कमी पडून जंतू राहिले, कडेची शिवण गळली, किंवा रसातल्या आंबटपणाने आतला पत्रा खाल्ला. कारण प्रयोगशाळाच सांगेल. फुगलेले डबे चिडून खाडीत टाकले नसतील अशी आशा करतो. बॅच नंबर दिसेल असे फोटो काढा, काही डबे न उघडता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, बाकीचे सावलीत बाजूला ठेवा. दुकानांत उरलेला त्या बॅचचा माल मात्र आजच परत मागवा. लेबल तुमचं आहे. कोणी आजारी पडलं तर ‘भरला कारखान्याने’ हे उत्तर अन्नसुरक्षा कायद्यात तुम्हाला सोडवणार नाही.

आणि 2300 डबे चांगले असताना पूर्ण बिल का अडवलंत? त्या डब्यांची मजुरी, सुमारे 1,45,000 रुपये, ‘हक्क राखून’ असं पत्र जोडून बँकेतून भरून टाका. तेवढ्यावरचं व्याज तिथे थांबेल. कौन्सिलने 90 दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो; ते 90 दिवस पाळलेले मी क्वचितच पाहिलेत, आणि लांबलेला प्रत्येक महिना व्याज वाढवतो. निकाल विरोधात गेला तर कोर्टात जाण्याआधी रकमेच्या 75 टक्के भरावे लागतात.

पुढच्या मोसमात फळ उतरवण्याआधी दोन पानांचा करार करा. फुगलेला डबा किती दिवसांपर्यंत कोणाचा, आणि प्रत्येक बॅचचे सहा डबे सीलबंद कोणाकडे राहतील, एवढं तरी त्यात हवं. पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे लिहू नका, ती टिकणार नाही.

नोटिशीवर उत्तर द्यायची तारीख छापलेली असेल. ती पत्रात कळवलेली नाहीत. ती निघून जाण्याआधी वकीलपत्र दाखल करा.