आधी आवर्तने मोज

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

परवा सिमला ऑफिसच्या चौकात बसची वाट पाहत असताना तू लॅपटॉप उघडून आलेख दाखवलास आणि माझी बस आल्यामुळे बोलणे अर्धवट राहिले. अटलांटिकच्या पृष्ठतापमानाचा साठ-सत्तर वर्षांचा हेलकावा आणि पृथ्वीचे सरासरी तापमान अशा दोन रेषा तू एकमेकींवर ठेवल्या होत्यास. एक शोधनिबंध म्हणतो की तापमानवाढीत या हेलकाव्याचा मोठा वाटा आहे, दुसरा म्हणतो की असा स्वयंभू हेलकावा मुळात नाहीच, आणि तुझ्या मार्गदर्शकांचा आग्रह आहे की प्रबंधापुरती एक बाजू धर. बाजू धरू नकोस. आधी आवर्तने मोज.

जागतिक तापमानाच्या नोंदी १८५० पासून धरल्या, तर हाती पावणेदोनशे वर्षे येतात, आणि पासष्ट वर्षांचे एक आवर्तन मानले, तर ती जेमतेम पावणेतीन भरतात. त्यातही जुन्या नोंदी जहाजावरून बादलीने उपसलेल्या पाण्याच्या आहेत. कॅनव्हासच्या बादलीतले पाणी वर येईपर्यंत बाष्पीभवनाने थोडे निवते, तर इंजिनासाठी ओढलेले पाणी थोडे गरम भरते. दुसरे महायुद्ध संपताच नोंदी घेणाऱ्या जहाजांचे मिश्रण बदलले आणि १९४५ मध्ये मालिकेत सुमारे ०.३ अंशांची पायरी खाली उतरली. तुझ्या आलेखातला तो सुंदर उतार काही अंशी बादल्यांचा आहे. याउलट एल निन्यो, म्हणजे विषुववृत्ताजवळच्या पॅसिफिकचे पाणी नेहमीपेक्षा तापणे, दर दोन ते सात वर्षांनी येतो, म्हणजे त्याची डझनावारी आवर्तने आपण पाहिली आहेत. त्याच्यामागोमाग काही महिन्यांनी जगाची सरासरी एक-दोन दशांश अंशाने वर जाते, हे १९९८, २०१६ आणि २०२४ या वर्षांत दिसले. तिथे मी निःशंक असतो.

हा हट्ट मला फुकट मिळालेला नाही. तुझ्या वयाचा असताना मी मोसमी पावसाच्या मालिकेला सरकती सरासरी, म्हणजे प्रत्येक वर्षाच्या जागी आसपासच्या काही वर्षांची सरासरी, लावून आलेखाचे पाच कागद डिंकाने जोडले होते. १९०१ ते १९३० कोरडी, पुढची तीस वर्षे ओली, त्यापुढची तीस पुन्हा कोरडी. म्हणून १९९० नंतर ओले पर्व येणार, असे मी व्याख्यानांतून ठासून सांगत असे. ओले पर्व आले नाही; २००२ आणि २००९ चे दुष्काळ मात्र आले. माझ्या हाती होते दीड आवर्तन! तेव्हा अनेकजण तसेच करत होते, हाताशी साधने कमी होती, आणि कागदावर लाट खरोखरच दिसत होती. हे समर्थन नाही. बरे, थोडे आहेच.

खरे तर सावध करणारा माणूस आपल्याच घराण्यातला होता. भारतीय वेधशाळांचे महासंचालक असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी १९१४ मध्येच बजावले होते की शेकडो सहसंबंध तपासून त्यातला सर्वांत मोठा निवडला, तर त्याला कसोटीही तितकीच कडक लावावी लागते. त्यांचे खाते १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. आपण बसची वाट पाहत होतो त्या चौकाला नाव त्यावरूनच पडले. मी त्या चौकातून वर्षानुवर्षे गेलो आणि तो लेख निवृत्त होताना वाचला.

तुझी दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे, आणि ती चटकन दिसली नाही याचा मला थोडा रागच आला. अटलांटिकच्या हेलकाव्याचा निर्देशांक काढताना, तापमानवाढ बाजूला काढायची म्हणून, तू तापमानातून एक सरळ रेषा वजा केलीस. तापमानवाढ सरळ रेषेत झालेलीच नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कारखान्यांच्या सल्फेट कणांनी ऊन अडवले, मोठ्या ज्वालामुखींनीही अडवले, आणि हरितगृह वायूंचा जोर पुढे वाढत गेला. वाकड्यातून सरळ वजा केले की उरलेले लाटेसारखे दिसणारच, आणि ती लाट समुद्राने स्वतःहून उठवली असे म्हणता येत नाही.

समुद्र काहीच करत नाही, असे मात्र लिहू नकोस. ते दुसरे टोक झाले. १९९८ नंतरची दहा-पंधरा वर्षे पृष्ठभागाची वाढ मंदावली, कारण पॅसिफिकवरचे व्यापारी वारे जोरात होते आणि उष्णता खाली ढकलली जात होती. पण दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून दर दहा दिवसांनी वर येणारे आर्गो तरंगक याच काळात समुद्रात उतरले, आणि समुद्राचा उष्णतासाठा वाढतच असल्याचे त्यांनी दाखवले. अतिरिक्त उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा समुद्रात जातो. हवेची शतकभराची वाढ समुद्राच्या खिशातून आली असती, तर तो खिसा रिकामा होत गेला असता. तो तर फुगतो आहे. एखाद्या दशकाचा वेग हेलकाव्याने बदलतो, त्याला शतकाचा हिशेब देता येत नाही.

काल रात्री नातवाच्या सापशिडीतला फासा मी दीडशे वेळा टाकला, आकडे वहीत मांडले आणि एकवीस-एकवीस फेकींची सरकती सरासरी काढली. डोंगर आणि दऱ्या अशा सुबक उमटल्या की खाली एखाद्या महासागराचे नाव लिहावेसे वाटले. तूही हे एकदा हाताने कर, मग मार्गदर्शकांसमोर बस, आणि प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात आवर्तनांची संख्या लिही. त्यांना ती आवडणार नाही, तरी लिही. फासा सोबत पाठवला आहे. रविवारपर्यंत परत दे, तो माझा नाही.