२०३२ ची वीजमागणी: आकडे कसे तपासायचे?

प्रश्न: २०३१-३२ मध्ये देशाची कमाल मागणी (एका वेळी लागणारी सर्वाधिक वीज) ३६६ गिगावॅट (१ गिगावॅट म्हणजे १,००० मेगावॅट) होईल, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विसावे विद्युत सर्वेक्षण सांगते. यावर किती विसंबावे?

उत्तर: आधीच्या अंदाजांचे काय झाले ते पाहा. २०२१-२२ साठी अठराव्या सर्वेक्षणाने २८३ गिगावॅट धरले होते, एकोणिसाव्याने २२६. प्रत्यक्षात मागणी २०३ पर्यंतच गेली. गडबड बहुधा वाढीच्या दरात असते आणि चक्रवाढीने ती फुगते. २०३ वरून दहा वर्षांत ३६६ गाठायचे तर दरसाल ६.१ टक्के वाढ हवी. ५ टक्केच झाली तर आकडा ३३१ वर अडतो. जेमतेम एका टक्क्याचा फरक, पण त्यात महाराष्ट्राएवढ्या राज्याची कमाल मागणी मावते. म्हणून एकच आकडा देणाऱ्या अहवालापेक्षा तीन दरांचे तीन आकडे देणारा अहवाल आम्हाला जास्त उपयोगी वाटतो.

प्रश्न: घरी बसून असा अंदाज पडताळता येतो का?

उत्तर: येतो. वर्षाची एकूण वीज घ्या आणि तिला कमाल मागणी गुणिले ८,७६० तासांनी भागा. हा झाला लोड फॅक्टर, म्हणजे कमाल मागणीच्या तुलनेत वर्षभराची सरासरी मागणी किती (१ गिगावॅट एक तास म्हणजे १० लाख युनिट). विसाव्या सर्वेक्षणात २०३१-३२ साठी २,४७४ अब्ज युनिट आहेत, म्हणजे ७७ टक्के. संध्याकाळी घरोघरी एसी लागू लागले की हा टक्का घसरतो, आणि तेवढ्याच युनिटांना जास्त गिगावॅट लागतात.

मग पायाभूत वर्ष, म्हणजे वाढ जिथून मोजली ते वर्ष, तपासा. २०२०-२१ हे टाळेबंदीचे वर्ष. ते पायाला घेतले तर वाढ उगाच मोठी दिसते. भारनियमनात न दिलेली वीज मागणीत मिळवली आहे का, हेही पाहा. सर्वांत कच्चा दुवा म्हणजे बिनमीटरचे शेतीपंप. त्यांचा वापर अश्वशक्ती आणि चालू तास यांवरून धरला जातो. तास जास्त धरले की शेतीचा वापर फुगतो, गळती (वाटेत वाया गेलेली किंवा चोरीला गेलेली वीज) कमी भासते आणि तीच चूक पुढच्या प्रत्येक वर्षात उतरते.

गळती मिळवतानाही घोळ होतो. ग्राहकांचा वापर १०० युनिट आणि गळती १५ टक्के असेल, तर लागणारी वीज ११५ नव्हे, ११७.६ युनिट: १०० भागिले ०.८५.

प्रश्न: २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू अशी) क्षमता उभी राहिली की तुटवडा संपेल?

उत्तर: तेवढ्याने नाही. १ मेगावॅट सौर प्रकल्प २० टक्के क्षमता-वापराने (वर्षभर अखंड पूर्ण क्षमतेने चालला असता तर मिळाली असती त्या विजेच्या २० टक्के) वर्षाला साडेसतरा लाख युनिट देतो. ७० टक्के चाललेला १ मेगावॅट कोळसा संच ६१ लाख. २०२५ च्या मध्यास देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म वाटा निम्म्यावर गेला, पण निर्मितीत तो त्याहून बराच कमी आहे.

३० मे २०२४ चा २५० गिगावॅटचा उच्चांक दुपारचा होता, तेव्हा सौरवीज हाताशी होती. खरी कसोटी सूर्यास्तानंतरची. त्यामुळे बॅटरीचे लक्ष्य वाचताना मेगावॅटसोबत मेगावॅट-तासही बघा: १०० मेगावॅट, २०० मेगावॅट-तासांची बॅटरी पूर्ण भाराने दोनच तास पुरते, आणि संध्याकाळची ओढ त्याहून लांबते.