ट्राउटची काठी आणि खानदेशातलं नोव्हेंबरचं पाणी

भाऊ, तुमचे प्रश्न तीन आहेत. मेहुण्यांनी इंग्लंडहून ५ नंबरची फ्लाय रॉड, म्हणजे पिसा-दोऱ्याची नकली माशी फेकून मासे धरायची काठी, आणून दिली, तर धुळ्याच्या आसपास ट्राउट मिळेल का? मिळत नसेल तर एखाद्या तळ्यात सोडता येईल का? आणि पुढच्या नोव्हेंबरात तुम्ही त्यांच्याकडे जाल तेव्हा त्यांच्या क्लबच्या तळ्यांवर काय करायचं? मी नऊ वर्षं यॉर्कशायरमध्ये नोकरीला होतो आणि तिथल्या एका लहान क्लबचा सभासद होतो. आता जळगावला परत येऊन बरीच वर्षं झाली. दोन्हीकडची पाणी पायाखालून गेलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्याचं उत्तर नाही. ट्राउट हा गार पाण्याचा मासा. १० ते १८ अंशांच्या पाण्यात तो खूष असतो, २० च्या वर गेलं की त्याचं खाणं-पिणं बिघडतं, आणि २५ च्या पुढे बहुतेक मरतोच. पाणी तापलं की त्यातला प्राणवायूही घटतो: १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा तळ्याच्या उथळ पाण्यात पाय घातला तर चटका बसतो. धुळ्याला डिसेंबरात पहाटे पारा एक आकड्यावर येतो हे खरं, पण ती हवेची थंडी. तळ्याचं पाणी इतक्या लवकर निवत नाही. मागच्या हिवाळ्यात वाघूर धरणाच्या काठावर सकाळी साडेसातला मी थर्मामीटर धरला होता. अंगात स्वेटर, कानाला मफलर, आणि पाणी २१ अंश.

तोरणमाळचं काय, असंही तुम्ही विचारलंत. यशवंत तलाव हजार मीटरच्या वर आहे आणि थंडीत तिथं हुडहुडी भरते. पण भारतात ट्राउट टिकला तो कुठं, ते बघा. काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडहून आणलेली अंडी जगली, तिथून तो हिमाचलात गेला. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरात तो आहे, तोही दोन हजार मीटरच्या आसपासच्या पाण्यात. सातपुड्याची उंची त्याला पुरत नाही.

सोडण्याचा विचार तर मनातून काढूनच टाका, आणि हे मी फक्त मासा मरेल म्हणून सांगत नाही. चिलापी, म्हणजे तिलापिया, हा परका मासा १९५२ साली भारतात आणला गेला. आज आपल्या कुठल्याही तळ्यावर पाग टाकणाऱ्या भोई दादांना विचारा, जाळ्यात काय येतं. लहानपणी गिरणेत जे बारीक देशी मासे ओंजळीनं दिसायचे, त्यांच्या जागी आता चिलापीच्या पिलांचे थवे दिसतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. परका मासा पाण्यात सोडणं सोपं असतं, परत काढता येत नाही.

आता इंग्लंडचं. तुम्ही नोव्हेंबरात जाणार ही गोष्ट चांगली आहे, कारण तो मोसम मला सगळ्यांत आवडायचा. तिथल्या क्लबच्या तळ्यांत बहुतेक रेनबो ट्राउट असतो, हॅचरीत वाढवून सोडलेला. ब्राउन ट्राउट शरद संपता संपता अंडी घालायला लागतो, म्हणून त्याचा मोसम तोवर बंद झालेला असतो. चुकून लागला तर पाण्यातच गळ काढून सोडायचा. रेनबो मात्र तिथल्या तळ्यांत सहसा प्रजनन करत नाही, म्हणून बरीच तळी हिवाळाभर उघडी राहतात.

उन्हाळ्यात खोल तळ्यात पाण्याचे थर पडतात: वर कोमट, खाली गार. शरदात वरचं पाणी निवतं, जड होतं, खाली बसतं, आणि वाऱ्यानं सगळं तळं ढवळून निघतं. मग प्राणवायू सगळीकडे सारखा होतो आणि उन्हाळाभर खोलात दडलेला मासा काठाशी येतो. नवखा माणूस तिथंच चुकतो. त्याला वाटतं, लांब फेकलं म्हणजे मासा. मी स्वतः पहिल्या नोव्हेंबरात तीन रविवार रिकाम्या हातानं परतलो. माझ्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ काठापासून आठ-दहा हातांवरच माशी टाकत होते आणि दर अर्ध्या तासानं जाळीचा झेला पाण्यात घालत होते. चौथ्या रविवारी त्यांनी मला मोजायला शिकवलं.

मोजायचं म्हणजे असं. दोरी पाण्यावर पडली की मनात आकडे म्हणायचे. पहिल्यांदा पाच म्हणून ओढायला सुरुवात. पुढच्या फेकीला दहा, मग पंधरा, मग वीस. ज्या आकड्याला टोचणी लागेल, तो आकडा धरून ठेवायचा आणि पुढच्या सगळ्या फेकी तेवढ्याच मोजून टाकायच्या, कारण तो आकडा म्हणजे त्या घटकेला मासा ज्या थरात आहे त्याची खोली. ऊन चढलं किंवा वारा फिरला की आकडा बदलतो, मग पुन्हा पाचापासून. माझ्या मते माशीचा रंग, काठीची किंमत, फेकीची लांबी हे सगळं यानंतर येतं. मासा कुठल्या थरात आहे ते कळलं नाही तर महागातली माशीही रिकाम्या पाण्यातून फिरून येते.

ओढायचं अगदी हळू. डाव्या हाताच्या बोटांत दोरी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळत जायचं, एका मिनिटात फार तर दोन हात. गार पाण्यात मासा पाठलाग करत नाही. चावा म्हणजे हिसका नसतो, दोरी नुसती थांबल्यासारखी वाटते. थांबली की काठी उचला.

माश्यांमध्ये दोन प्रकार जवळ असू द्या. एक बझर, म्हणजे चिलटाच्या कोषाची नक्कल: काळी, सडपातळ, १२ किंवा १४ नंबरच्या गळावर. चिलटाची लाल अळी तळच्या गाळात वाढते, कोष हळूहळू वर येतो, आणि हे थंडीतही चालू असतं. दुसरी पांढरी, लांबट, माशाच्या पिल्लासारखी. शरदात तिथल्या रोच नावाच्या माशाची पिलं धक्क्याखाली आणि मरू लागलेल्या पाणवनस्पतींत गोळा होतात आणि मोठे ट्राउट त्यांच्यावर तुटून पडतात. नुकताच सोडलेला मासा पहिले काही दिवस कुठल्याही भडक रंगाच्या माशीवर येतो, पण पंधरा दिवस पाण्यात काढलेला येत नाही, त्याला बझरच लागते. तरंगती दोरी, बारा ते पंधरा फुटांचा लीडर, म्हणजे दोरी आणि माशी यांमधला बारीक नायलॉन, आणि त्याला सहा पौंडांचा ताण सोसणारं टोक पुरे.

वेळ ११ ते २. त्याआधी काठीच्या कड्यांत बर्फ धरतो आणि चारला अंधारतं. वारा डाव्या खांद्यावरून येईल असं उभं राहा, म्हणजे उजव्या हातानं फेकताना माशी अंगापासून लांब राहते. आणि चष्मा घातल्याशिवाय एकही फेक करू नका. माझ्या एका सोबत्याच्या भुवईत गळ रुतला होता, बोटभर खाली असता तर डोळा गेला असता.

आता आपल्याकडचं. ही काठी इथं वाया जाणार नाही. फक्त तिच्याकडून ट्राउट मागू नका.

पावसाळ्यात काळ्या मातीनं गढुळलेलं आपलं पाणी दिवाळीनंतर निवळतं, आणि माशी दिसायला हवी असेल तर हाच काळ. गिरणेकाठच्या ज्या भोई बाबांबरोबर मी लहानपणी हिंडलो ते पाण्यात उतरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "पायले इचार भो, पानी कोठे गार शे ते." गुडघ्याला ऊब आणि घोट्याला गारवा लागला की त्यांना थर कळायचा. इंग्लंडात मोजणी शिकताना मला सारखी त्यांची आठवण यायची.

थरांचा हिशेब आपल्याकडे आधीपासूनच आहे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून तर मत्स्यशेतीवाले हे तिन्ही एकाच तळ्यात सोडतात. पण कटला पाण्यातलं सूक्ष्म खाद्य गाळून खातो, त्याला माशीचं सोयरसुतक नाही. रोहू क्वचित येतो. मरळ माशीवर, विशेषतः बेडकाच्या नकलेवर, जोरात येते, पण उन्हाळ्यात. थंडीत ती सुस्त असते, तिची आशा फाल्गुनानंतर धरा. नोव्हेंबरात ५ नंबरच्या काठीला खरा जोडीदार चिलापीच, आणि तिच्या जोडीला वरच्या थरात थव्यानं फिरणारे चांदीच्या पट्टीसारखे बारीक मासे, ज्यांना प्रत्येक गावाचं वेगळं नाव आहे.

चिलापी उष्ण पाण्यातली. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की तिची भूक मंदावते. म्हणून सकाळी सातला कुडकुडत जाऊन काही हाती लागत नाही. ११ नंतर ऊन लागलेल्या उथळ, वाऱ्याच्या आडोशाच्या कोपऱ्यात जा. तिथं गुडघाभर पाणी दोन-तीन अंशांनी उबदार असतं आणि मासे तिथं येऊन थांबतात. इंग्लंडातही दुपार, इथंही दुपार. तीच लहान काळी बझर १४ नंबरवर बांधा आणि पाचच आकडे मोजा. बांधायला गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं आणि शिंप्याकडचा काळा-लाल दोरा पुरतो. आपल्या तळ्यांवरही संध्याकाळी दिव्याभोवती चिलटांचे ढग असतातच, तेव्हा माशाला ते खाद्य ओळखीचं आहे.

धरणाच्या दगडी पिचिंगवर उभं राहून फेकत असाल तर मागची फेक उंच ठेवा. खाली आली की गळाचं टोक दगडावर आपटून मोडतं, आणि तासभर तुम्ही टोक नसलेल्या गळानं मासे धरत बसता. दर दहा फेकींनी टोक नखावर घासून बघा, रुतलं तर ठीक. मागे बाभळी असतील तर रोल कास्ट शिकून घ्या, त्यात दोरी मागे जातच नाही. आणि रब्बीचं आवर्तन सुटलं आहे का, ते आधी विचारा. पाणी उतरत असताना मासा काठ सोडतो, आणि उघडा पडलेला गाळ वरून सुकलेला दिसला तरी आत कमरेएवढा मऊ असतो. एकट्यानं त्यात पाय टाकू नका.

परवानगीचं तेवढंच महत्त्वाचं. आपली धरणं आणि तळी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांनी ठेक्यानं घेतलेली असतात. तिथला मासा त्यांच्या घरची चूल आहे. आधी संस्थेच्या माणसाला भेटा, काय करणार ते दाखवा, देणं असेल ते द्या. नकाणे, डेडरगावसारखी पिण्याच्या पाण्याची तळी असतील तर महापालिकेला विचारल्याशिवाय काठी काढू नका. हतनूरला या दिवसांत परदेशी पाखरं उतरलेली असतात. थव्याच्या बाजूनं फेकू नका, आणि तुटलेल्या नायलॉनचा वीतभर तुकडाही मागे ठेवू नका, पाखराच्या पायाला तो गुंडाळला की पाय जातो.

गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका. देशी मासा लागला तर हात ओले करून, दगडावर न टेकवता, सोडून द्या. चिलापी मात्र संस्थेची हरकत नसेल तर खुशाल घरी न्या, तेवढीच बाकीच्यांना जागा. शेतात भरीत-भाकरीचा बेत असेल तर निखाऱ्यावर वांग्याशेजारी तिलाही जागा मिळते.

येत्या रविवारी काठी घरीच ठेवा आणि नुसता थर्मामीटर घेऊन जा. सकाळी आठला आणि दुपारी एकला, काठाशी गुडघाभर पाण्यात आणि बांधावरून दोरीनं दोन पुरुष खोल, असे चार आकडे वहीत लिहा आणि मला कळवा. कुठल्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि कितीपर्यंत मोजायचं, ते त्यावरून सांगतो.