तुरुंगात गेले तर हातातलं कसब जाईल का?

प्रश्न : मी सहा वर्षं शस्त्रक्रिया विभागात स्टाफ नर्स आहे. तुरुंगातल्या दवाखान्यात जागा निघाली आहे. घरच्यांना माझ्या जिवाची काळजी, मला वेगळीच. तिथं मोठी यंत्रं नाहीत, डॉक्टर सतत हजर नाहीत. शिकलेलं सगळं विसरायला होईल का?

उत्तर : विसरायला नाही, नव्यानं शिकायला होईल. मी अकरा वर्षं तुरुंगात काढली (नोकरीत, गैरसमज नको) आणि आता वस्तीत घरोघरी जाते. वॉर्डात मॉनिटर ओरडला की आपण धावतो. तिथं ओरडणारं काही नसतं. 'छातीत दुखतंय' म्हणणाऱ्याची नाडी, घाम, चेहरा पाहून डॉक्टरांना रात्री उठवायचं का, हे तुम्हीच ठरवायचं.

माझी चूक सांगते. नवा आलेला एकजण झोपेची गोळी मागत होता, हात थरथरत होते. मी मनात म्हटलं, नाटकं. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसू लागले, अंग तापलं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-चार दिवसांत असं होऊ शकतं, आणि त्यात माणूस दगावतोही. हा वाचला. त्यानंतर शेवटचं कधी प्यालात आणि जीव द्यावासा वाटतो का, हे दोन प्रश्न मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी विचारले. पहारेकऱ्याला दिसेल पण ऐकू येणार नाही इतकं लांब उभं करून.

घरच्यांना सांगा, पहारा असतो, सुया-कात्र्या मोजून घेतात. मला कैद्यांपेक्षा 'नाटकं' या शब्दाची भीती वाटली. फार लवकर तोंडात बसतो.

वरून दबावही येतो. 'याला शिक्षा द्यायचीय, तब्येत ठीक आहे असं लिहा.' कैद्यांना कसं वागवायचं, याबद्दलचे संयुक्त राष्ट्रांचे 2015 चे नेल्सन मंडेला नियम पाठ करून जा : उपचाराचा निर्णय आरोग्य कर्मचाऱ्यांचाच, आणि शिक्षा ठरवण्यात त्यांनी भाग घ्यायचा नाही.

खरी कसोटी मात्र सुटकेच्या दिवशी. टीबीचं औषध साधारण सहा महिने चालतं. माणूस तिसऱ्या महिन्यात सुटतो आणि हातात चिठ्ठीही नसते. अफू-हेरॉइनची सवय असलेल्याचं तर शरीर आत असताना मूळपदावर आलेलं असतं. बाहेर पडून तो जुन्याच मापानं घेतो, आणि तेवढं आता शरीराला सोसत नाही. पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे. म्हणून मी वस्तीकडे वळले. आत सुरू केलेला डोस बाहेर कुणाच्या हाती पडतो, ते बघायला.

मुलाखतीत पगाराच्या आधी हे विचारा : रात्री डॉक्टरांना फोन लागतो का, आणि सुटणाऱ्याची कागदपत्रं बाहेरच्या दवाखान्यात कोण पोचवतं? दुसऱ्या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघू लागले, तर ते काम तुमच्याच गळ्यात पडणार आहे असं धरून चाला.