हुकूमशाही जाऊन लोकशाही येताना शोधपत्रकारिता कशी वाचवायची? माझं उत्तर: जुने कायदे आधी काढा

प्रश्न असा आहे की एखाद्या देशात हुकूमशाही संपून लोकशाही येत असते तेव्हा पत्रकारांचं स्वातंत्र्य, खास करून शोधपत्रकारिता कशी वाचवायची, आधी नवीन कायदे करायचे की पत्रकारांना ट्रेनिंग द्यायचं, आणि यात सामान्य माणसाला काही करता येतं का. मी चौदा वर्षं रिपोर्टर होते, आता शिकवते, हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

कायदा आधी, ट्रेनिंग नंतर. पण नवीन कायदे करण्याआधी जुने काढून टाका, आणि तेही पहिल्या वर्ष-दोन वर्षांत, नवे राज्यकर्ते अजून लोकांच्या आणि पत्रकारांच्या उपकाराखाली असतात तेव्हाच. एकदा का नव्या मंत्र्यांवर पहिली मोठी बातमी आली की मग जुना कायदा त्यांना गरजेचा वाटायला लागतो आणि तो परत कोणी काढत नाही. हे मी एका देशाबद्दल बोलत नाहीये, जिथे जिथे बघावं तिथे हेच झालेलं दिसतं.

म्यानमारचं बघा. 20 ऑगस्ट 2012 ला तिथली छापण्याआधीची सेन्सॉरशिप बंद झाली, 1 एप्रिल 2013 ला जवळपास पन्नास वर्षांनी खाजगी दैनिकं परत स्टॉलवर आली, जगभर कौतुक झालं, परदेशातून ट्रेनिंग द्यायला लोक आले. पण ब्रिटिशांच्या काळातला 1923 चा सरकारी गुपितांचा कायदा तसाच राहिला. (बर्मा तेव्हा ब्रिटिश भारतातच होता, त्यामुळे आपला ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट आणि त्यांचा हा मुळात एकच.) 2014 मध्ये युनिटी नावाच्या साप्ताहिकाने लष्कराच्या एका कारखान्यात रासायनिक शस्त्रं बनतात असा आरोप छापला, त्यावर चार रिपोर्टर आणि त्यांचा सीईओ अशा पाच जणांना दहा-दहा वर्षांची सक्तमजुरी झाली, नंतर ती सात वर्षांवर आली. बरं, तेव्हा माजी लष्करी लोकांचं सरकार होतं असं म्हणून सोडून देऊ. पण डिसेंबर 2017 मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या वा लोन आणि चॉ सो ऊ या दोन पत्रकारांना अटक झाली तेव्हा आँग सान सू ची यांचं निवडून आलेलं सरकार होतं. हे दोघं इन दिन गावात दहा रोहिंग्या पुरुषांना कसं मारलं याचा तपास करत होते, पोलिसांनीच त्यांना जेवायला बोलावून हातात सरकारी कागद ठेवले आणि बाहेर पडल्या पडल्या पकडलं, एका पोलीस अधिकाऱ्याने कोर्टात सांगितलंसुद्धा की हा सापळा होता, तरी तोच 1923 चा कायदा लावून दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या कामाला पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा पुरस्कार मिळाला, मे 2019 मध्ये माफी देऊन सोडलं, पाचशेहून जास्त दिवस आत काढल्यावर. ज्या सू ची बाईंनी स्वतः पंधरा वर्षं नजरकैदेत काढली त्यांनी त्या शिक्षेचं जाहीर समर्थन केलं. मला आजही हे पचत नाही.

आता इंडोनेशिया. तिथे सगळ्यात जास्त गोष्टी बरोबर केल्या असं माझं मत आहे. हुकूमशहा सुहार्तोंच्या काळात पेपर काढायचा तर लायसन्स लागायचं आणि ते कधीही काढून घेता यायचं, जून 1994 मध्ये टेम्पो, डेटिक आणि एडिटर ही तीन साप्ताहिकं एका फटक्यात अशीच बंद केली होती. पत्रकार गप्प बसले नाहीत, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी सरकारी संघटनेला बाजूला सारून स्वतःची स्वतंत्र संघटना काढली, म्हणजे सुहार्तो गेले तेव्हा मागण्यांची यादी हातात घेऊन उभे असलेले लोक तयार होते, आणि याला फार महत्त्व आहे कारण ती संधीची खिडकी उघडल्यावर यादी करायला बसलात तर उशीर झालेला असतो. मे 1998 मध्ये सुहार्तो गेले, ऑक्टोबरमध्ये टेम्पो परत सुरू झालं. 1999 च्या कायदा क्रमांक 40 ने लायसन्स पद्धतच संपवली, सेन्सॉरशिप आणि पेपरबंदी बेकायदा ठरवली, आणि उलट जो कोणी पत्रकाराच्या कामात अडथळा आणेल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 कोटी रुपिया दंड ठेवला. त्याच वर्षी नव्या राष्ट्राध्यक्षांनी माहिती मंत्रालयच बंद केलं. प्रेस कौन्सिलमध्ये सरकारचा माणूस ठेवला नाही.

इतकं सगळं केलं आणि एक गोष्ट राहिली. डच काळातल्या दंडसंहितेतली बदनामीची कलमं. 2003 मध्ये टेम्पोने जकार्तातल्या एका बाजाराला लागलेली आग आणि एका बड्या उद्योगपतीबद्दल बातमी केली, आणि 2004 मध्ये त्यांचे मुख्य संपादक बांबांग हारीमुर्ती यांना एक वर्ष कैदेची शिक्षा झाली, म्हणजे जे साप्ताहिक हुकूमशाहीने बंद केलं होतं त्याच्याच संपादकाला लोकशाहीतलं कोर्ट तुरुंगात पाठवत होतं. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली, म्हणून नवीन प्रेस कायद्याची लाज राहिली, नाहीतर तो कागदावरच राहिला असता.

आपल्याकडेही थोडंफार हेच झालं. संसदेत जे बोललं गेलं ते छापल्याबद्दल पेपरवर खटला भरता येऊ नये असा फिरोज गांधींनी आणलेला 1956 चा कायदा होता, आणीबाणीत तो रद्द केला, 1977 ला परत आणला आणि पुढे 44 व्या घटनादुरुस्तीने थेट घटनेतच घातला, कलम 361 अ. हे फार शहाणपणाचं काम होतं कारण आता साध्या बहुमताने ते काढता येत नाही. पण फौजदारी बदनामी आणि तो 1923 चा कायदा या दोन्ही गोष्टींना कोणी हात लावला नाही.

बदनामीच्या फौजदारी खटल्याबद्दल मी इतकं का बोलतेय तर मी स्वतः त्यातून गेलेय. माझी एक बातमी होती, कागद हातात होते, समोरच्याची बाजू घेतली होती, तरी फौजदारी तक्रार झाली आणि सहा वर्षं तारखा चालल्या. शेवटी तक्रारदारच यायचा बंद झाला आणि केस संपली, म्हणजे म्हणायला मी जिंकले. पण त्या सहा वर्षांत मी तशी दुसरी एकही बातमी केली नाही. कोणी मनाई केली नव्हती. दर वेळी विषय आला की मनात यायचं, आधीची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आता अजून एक नको. ऑफिसने वकील दिला होता पण ज्या दिवशी मी पेपर बदलला त्या दिवसापासून वकिलाची फी माझी. लोकांना वाटतं शिक्षा झाली तरच स्वातंत्र्य गेलं, खरं तर समन्स आलं की निम्मं काम झालेलं असतं.

आणि हे फक्त फौजदारीचं नाही, दिवाणी दावासुद्धा पेपर संपवू शकतो. यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या फ्राये वेकब्लाट या आफ्रिकान्स भाषेतल्या छोट्या साप्ताहिकाची गोष्ट मी दर वर्षी विद्यार्थ्यांना सांगते. मॅक्स डू प्री यांनी 1988 मध्ये ते काढलं. नोव्हेंबर 1989 मध्ये त्यांनी डर्क कुट्सिया या माजी पोलीस अधिकाऱ्याची कबुली छापली की फ्लाकप्लास नावाच्या फार्मवरून पोलिसांची खून करणारी टोळी चालते आणि मीच तिचा प्रमुख होतो. त्यातच त्याने सांगितलं की विरोधकांना मारण्यासाठी विष पोलिसांच्या फोरेन्सिक लॅबच्या जनरलकडून यायचं. जनरलने दावा ठोकला. खालच्या कोर्टात पेपर जिंकला, वरच्या कोर्टात हरला, खर्च झेपला नाही आणि 1994 च्या सुरुवातीला पेपर बंद पडला. सगळ्या वर्णांच्या लोकांनी पहिल्यांदा मतदान केलं ती तारीख 27 एप्रिल 1994. म्हणजे ज्या लोकशाहीसाठी तो पेपर लढला ती यायच्या दोन-तीन महिने आधी तो संपला. फ्लाकप्लास खरं होतं हे नंतर वर्णभेदी राजवटीतले गुन्हे तपासणाऱ्या सत्यशोधन आयोगासमोर सगळ्या जगाने ऐकलं, पण पेपर परत उभा राहायला त्याचा काय उपयोग. 1998 मध्ये तिथल्याच अपील कोर्टाने बोगोशी खटल्यात सांगितलं की पत्रकाराने वाजवी काळजी घेऊन, तपासून छापलं असेल तर पुढे एखादी गोष्ट चुकीची निघाली तरी तो भरपाईला जबाबदार नाही. हाच नियम चार-पाच वर्षं आधी आला असता तर! म्हणून माझ्या यादीत लायसन्स आणि गुपितांच्या कायद्यानंतर लगेच हा वाजवी काळजीचा बचाव येतो, तो कायद्यातच लिहून टाकावा, कोर्टाला कधी सुचेल याची वाट बघत बसू नये.

दुसरी गोष्ट जी पहिल्या काही दिवसांतच करावी लागते, अक्षरशः दिवसांत, ती म्हणजे कागद वाचवणं. जुनी सत्ता जाताना आधी फाईली जाळते. फेब्रुवारी 2014 मध्ये युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष यानुकोविच पळून गेले तेव्हा त्यांच्या मेझिहिर्या बंगल्याजवळच्या पाण्यात फाईली तरंगत होत्या, पाणबुड्यांनी त्या बाहेर काढल्या आणि पत्रकारांनी त्याच बंगल्यात, सौनामध्येसुद्धा, एकेक पान पसरून वाळवलं. यात मला सगळ्यात जास्त काय आवडतं तर एकमेकांचे स्पर्धक असलेल्या ठिकाणचे रिपोर्टर तिथे होते आणि त्यांनी ठरवलं की आधी वाळवू, स्कॅन करू, नेटवर टाकू, एक्सक्लुझिव्ह कोणाची हे नंतर बघू. ज्याने कधी बातमीच्या मागे धावलंय त्याला कळेल हे किती अवघड असतं. पूर्व जर्मनीत जानेवारी 1990 मध्ये लोक बर्लिनमधल्या स्टासी या गुप्त पोलिसांच्या मुख्यालयात घुसले ते याचसाठी, आणि 1991 च्या शेवटी त्या फाईली बघण्याच्या हक्काचा कायदाच झाला. माहितीच्या अधिकाराचा कायदा हवाच, पण आधी माहिती शिल्लक तर राहिली पाहिजे.

पैशाबद्दल थोडक्यात सांगते. सेन्सॉर गेल्यावर दाबण्याचं काम जाहिरातींवर येतं, म्हणून सरकारी जाहिराती कोणाला किती दिल्या हे उघड करायची सक्ती पाहिजे आणि पेपर-चॅनेलचा खरा मालक कोण हेसुद्धा. फिलिपिन्समध्ये हुकूमशहा मार्कोस गेल्यावर तीन वर्षांनी, 1989 ला, काही पत्रकारांनी ना-नफा तत्त्वावर शोधपत्रकारितेचं केंद्र काढलं आणि त्यांनीच 2000 मध्ये राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांच्या बंगल्यांचा आणि मालमत्तेचा हिशोब बाहेर काढला. हे मॉडेल मला पटतं, फक्त सगळा पैसा परदेशी देणगीचा नको, देणगीदारांचं लक्ष दुसऱ्या देशाकडे गेलं की संस्था बसते.

एक चूक पत्रकारांचीही होते आणि ती सांगायलाच हवी. नवीन लोकशाही नाजूक आहे, आता नव्या सरकारवर लिहिलं तर जुने लोक परत येतील, असं म्हणून बातम्या दाबणं. रशियात 1996 च्या निवडणुकीत कम्युनिस्ट परत येऊ नयेत म्हणून खाजगी मीडिया राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्या बाजूने उभा राहिला, एनटीव्ही या सगळ्यात चांगल्या चॅनेलचा प्रमुख तर थेट त्यांच्या प्रचाराच्या टीममध्ये गेला. पाच वर्षांनी, एप्रिल 2001 मध्ये, सरकारच्या हातातल्या गॅझप्रॉम या गॅस कंपनीने एनटीव्ही ताब्यात घेतलं. तेव्हा हजारो लोक रस्त्यावर आले खरे, पण खूप जणांना हे फक्त मालकांमधलं भांडण वाटलं. मला त्या लोकांना दोष देता येत नाही.

खून झाला तर तपास स्थानिक पोलिसांकडे ठेवू नका, एवढंच म्हणेन. युक्रेनमध्ये गोंगाद्झे हे पत्रकार सप्टेंबर 2000 मध्ये गायब झाले आणि मारेकरी पोलीस खात्यातलेच निघाले, एका पोलीस जनरलला 2013 मध्ये जन्मठेप झाली, ऑर्डर देणाऱ्याला मात्र अजून शिक्षा नाही.

ट्रेनिंगबद्दल विचारलंय. हवं, पण बातमी कशी लिहावी याचं नको, ते तिथल्या लोकांना येतं. बॅलन्स शीट वाचणं, सूत्राचं नाव फोनमध्ये न ठेवणं, छापण्याआधी वकिलाला कॉपी दाखवणं, हे शिकवा. आणि सूत्र सांगायला नकार देण्याचा हक्क कायद्यात नसेल तर हे शिकूनही फारसा फायदा नाही.

राहिला सामान्य माणूस. पैसे देऊन पेपर वाचा हे सगळेच सांगतात, ते बरोबरच आहे. मी अजून एक सांगते, तारखेला जा. माझ्या केसच्या चौथ्या वर्षी दोन अनोळखी माणसं कोर्टात मागच्या बाकावर येऊन बसायला लागली, एक रिटायर्ड बाई आणि एक कॉलेजचा मुलगा, एकमेकांनाही ओळखत नव्हते. ते काही बोलायचे नाहीत, माझा नंबर पुकारला की फक्त मान वर करून बघायचे. दुसऱ्या का तिसऱ्या वेळेला तक्रारदाराच्या वकिलाने मागे वळून विचारलं, हे कोण आहेत? मी म्हटलं, वाचक आहेत.