कॉम्प्युटर साफ करताना टॅली उडाली अन् ३ लाख ७५ हजारांची नोटीस आली

अमळनेरच्या एका कॉम्प्युटर रिपेअरवाल्या भावाने मला वकील म्हणून पत्र लिहून विचारलंय, नाव देऊ नका म्हणतो म्हणून देत नाही. झालं असं की चोपड्याकडच्या खेड्यातल्या एका कृषी केंद्रवाल्या शेठने पेरणीच्या तोंडावर सीपीयू आणून दिला, "लई स्लो चालतंय, व्हायरस काढ" म्हणाले, आणि संध्याकाळी व्हॉइस नोट टाकली, "समदं साफ करी टाक भो". ह्याने अँटीव्हायरस टाकून फुल स्कॅन मारला, सतरा धोके दिसले, 'रिमूव्ह ऑल' दाबलं. मग नेटवरून एक क्लीनर उतरवला, त्यात दिसतील तेवढ्या चौकटींवर टिक मारून क्लीन केलं, सात-आठ जीबी जागा मोकळी झाली, ४५० रुपये बिल सांगितलं. शेठ न्यायला आले, तिथेच चालू करून बघितलं तर टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, उघडेचना, आणि डाउनलोड फोल्डरमध्ये ठेवलेली बॅकअपची फाइल पण गायब. "मन्हा पाच वरीसना हिसाब गया" म्हणत शेठ सीपीयू तिथेच टाकून निघून गेले. रात्री ह्या भावाने घाबरून व्हॉट्सॲपवर लिहिलं, "शेठ माझी चूक झाली, मी भरून देतो". आठ दिवसांनी वकिलाची नोटीस, १५ दिवसात ३ लाख ७५ हजार द्या नाहीतर आयटी ॲक्ट कलम ६६, भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं ३१८, शिवाय ग्राहक आयोग. विचारतो, अटक होईल का, एवढे पैसे द्यावे लागतील का, बिल मिळेपर्यंत सीपीयू अडकवून ठेवू का. आणि शेवटी, टॅली क्रॅकची (लायसन्स न घेता कुलूप तोडून चालवलेली, चोरीची) होती, तेच सांगून शेठला गप्प करू का.

भाऊ, पहिलं काम कायद्याचं नाहीच. त्या सीपीयूची पॉवर केबल काढा आणि तो परत चालू करू नका. तुम्ही लिहिता की मागच्या दिवाळीला त्यात एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान ड्राइव्ह) टाकली होती, आणि एसएसडीमध्ये डिलीट झालेली फाइल परत मिळायची आशा हार्ड डिस्कपेक्षा खूप कमी असते, कारण विंडोज मोकळ्या झालेल्या जागेची खबर ड्राइव्हला देतं आणि ड्राइव्ह ती जागा आतून पुसून टाकते, मशीन जितका वेळ चालू तितकं नुकसान जास्त. तुम्ही रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर टाकून "बघतो काय निघतं" करायच्या बेतात असाल तर तसं करू नका, कामापुरतंही बुडेल आणि पुराव्यापुरतंही.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ, जी तुम्ही जाताजाता लिहून पुढे गेलात, की एसएसडी टाकली तेव्हा जुनी हार्ड डिस्क काढून तुमच्या कपाटात ठेवली ती अजून तिथेच आहे. अहो मग पाच वर्षांचा हिशोब गेला कुठे? दिवाळीपर्यंतचा सगळा त्या डिस्कवर असायला पाहिजे. राहिले सात-आठ महिने. आणि दुसरं, अँटीव्हायरसने टॅली चालवणारी फाइल उडवली म्हणजे डेटा उडवला असं होत नाही, प्रोग्रॅम वेगळा आणि कंपनीचा डेटा वेगळा, तो नुसता आकडा नाव असलेल्या फोल्डरमध्ये असतो (१००००, १०००१ असं काहीतरी). ते फोल्डर जागेवर आहे का ह्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही, म्हणजे घाबरून तुम्ही बघितलंच नाही असं दिसतंय. माझ्या ऑफिसात कॉम्प्युटर बघायला येणारा मुलगा तर म्हणतो की 'रिमूव्ह' केलेलं पण पुष्कळदा क्वारंटाइनमध्येच (अँटीव्हायरस संशयित फाइल न पुसता कोंडून ठेवतो ती जागा) पडलेलं असतं. हे सगळं तपासायचंय, पण एकट्याने नाही, शेठच्या माणसासमोर. कसं ते पुढे सांगतो.

अटकेचं. कलम ६६ लागायला कलम ४३ मधलं कृत्य पाहिजे आणि ते अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेलं पाहिजे. कलम ४३ ची सुरुवातच मालकाच्या परवानगीशिवाय अशी आहे. तुम्हाला मशीन कोणी दिलं, शेठनी. साफ कर कोण म्हणालं, तेच. ती व्हॉइस नोट तुमची ढाल आहे, फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका, आणि स्वतःचं "भरून देतो" पण डिलीट करू नका, ते त्यांच्याकडे आहेच, तुमच्याकडून गेलं तर उलट संशय येतो. कोर्टात हे दाखवायला आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५बी चं नवं रूप, त्याच्या एका भागावर तुम्ही सही करायची आणि दुसऱ्यावर तज्ज्ञाने, वकील फक्त मसुदा करून देतो. समजा गुन्हा दाखल झालाच, तर ६६ ला जास्तीत जास्त ३ वर्षं किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे आणि तो जामीनपात्र आहे, आणि आयटी ॲक्टच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या माणसाने करायचा नसतो, त्यामुळे उद्या कोणी हवालदार फोन करून "येऊन मिटवून टाक" म्हणाला तर नम्रपणे लेखी नोटीस मागा.

३१८ मात्र ऐकायला जड आहे, पोटकलम ४ मध्ये ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि अजामीनपात्र. पण फसवणुकीत नियत पहिल्या क्षणापासून वाईट लागते. ४५० रुपयांसाठी तुम्ही शेठचा हिशोब उडवायचा कट केला असं कोणाला पटेल? काम केलं, ते बिघडलं, ही फसवणूक नव्हे. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट उचलायचं नाही, आधी हजर राहायची नोटीस द्यायची, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) मध्ये ती नोटीस आहे. तशी आली तर हजर राहा, टाळाटाळ केली की मग मात्र अटकेला कारण मिळतं. वातावरण फारच तापलं तर अमळनेरच्या सेशन कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो, पण मला आज तशी घाई दिसत नाही.

पैशाचं मात्र मी गोड बोलणार नाही. गुन्हा नाही म्हणजे जबाबदारी नाही असं समजू नका. दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेतली की कराराच्या कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे स्वतःच्या वस्तूची शहाणा माणूस घेईल तेवढी काळजी घ्यावी लागते. आणि तुम्ही स्वतःच्या मशीनवर बॅकअप न घेता, यादी न वाचता, सगळ्या टिका मारून क्लीन केलं असतं का? डाउनलोड फोल्डर कचरा म्हणून पुसायचा नसतो, आपल्याकडे लोकांचं अर्धं घर डाउनलोडमध्येच असतं, आधारपासून सातबाऱ्यापर्यंत. विंडोज १० च्या २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटमध्ये तर डिस्क क्लीनअपच्या यादीतच 'डाउनलोड' आलं होतं आणि सवयीने टिक मारणाऱ्यांच्या फायली गेल्या, नंतर ते काढून टाकावं लागलं. ग्राहक आयोगात हे 'सेवेतील त्रुटी' म्हणून उभं राहू शकतं. आम्ही म्हणू की शेठचं धंद्याचं मशीन, म्हणून ते ग्राहकच नाहीत, ते म्हणतील पोटापाण्याचं दुकान आहे, आणि धंद्यासाठीच होतं हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर येतं, त्यामुळे त्या एका मुद्द्याच्या भरवशावर बसू नका. आयोगाची नोटीस आली तर ३० दिवसात, फार तर आणखी १५ मिळून ४५ दिवसात लेखी म्हणणं द्यावंच लागतं, ४६ व्या दिवशी कोणी ऐकत नाही, जळगावला मी हे स्वतः बघितलंय.

पण ३ लाख ७५ हजार कुठून आले? नोटिशीत हिशोब नाही, आकडा आहे नुसता. त्याच कराराच्या कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे थेट झालेलं नुकसान मागता येतं, लांबचं नाही, आणि नुकसान कमी करायचे जे मार्ग हाताशी होते ते पण मोजावे लागतात. शेठकडे काय काय आहे बघा. जीएसटी पोर्टलवर त्यांनी भरलेले रिटर्न आहेत, कंपन्यांकडून घेतलेल्या मालाची बिलं तिथे दिसतात, अनुदानाच्या खताची विक्री पॉस मशीनवर झालेली आहे, बँकेचं स्टेटमेंट आहे, सीएकडे दरवर्षीची कॉपी असणारच. आणि जीएसटीचा नियम ५७ स्पष्ट सांगतो की कॉम्प्युटरवरच्या हिशोबाचा नीट बॅकअप ठेवायची जबाबदारी धंदेवाल्याची, शिवाय हा हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायचाय. त्याच मशीनच्या डाउनलोडमध्ये ठेवलेली फाइल म्हणजे बॅकअप म्हणता येईल का, चावी कुलपालाच लटकवून ठेवल्यासारखं झालं ते.

एक गोष्ट मात्र पोर्टलवर सापडणार नाही, ती म्हणजे शेतकऱ्यांची उधारी. कोणाकडे किती, कापूस विकल्यावर कोण देणार, केळीची गाडी गेल्यावर कोण देणार, हे टॅलीत किंवा शेठच्या वहीतच. खान्देशात कृषी केंद्राचा जीव उधारीच्या पानात असतो, आणि शेठ चिडलेत ते त्याच्यामुळे, टॅलीच्या प्रेमापोटी नव्हे. म्हणून सात-आठ महिन्यांची उधारी परत उभी राहिली तर हे भांडण ९० टक्के संपलं असं माझा २२ वर्षांचा अनुभव सांगतो.

आता क्रॅकचं. तुम्ही लिहिता ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली, "दोन वर्षांपूर्वी ते क्रॅक मीच १५०० रुपये घेऊन टाकून दिलं होतं". मग हे कोणाला सांगायला निघालात? कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी मध्ये माहीत असून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, ते शेठला. आणि पैसे घेऊन कॉपी टाकून देणाऱ्याला कलम ६३ वेगळं बसलंय, तिथे ६ महिन्यांपासून सुरुवात होते. म्हणजे शेठच्या अंगावर टाकायला उचललेला धोंडा पडणार तुमच्याच पायावर. वरून "केस मागे घ्या नाहीतर क्रॅकचं सांगतो" असं एकदा जरी लिहून पाठवलं तर खंडणीचा आरोप करायला त्यांच्या वकिलाला आयतं मिळेल. नोटिशीच्या उत्तरात क्रॅकचा 'क' पण काढायचा नाही. फोनवर पण नाही, आजकाल सगळे कॉल रेकॉर्ड करतात. आणि हे पण समजून घ्या की अँटीव्हायरसने चूक केलेली नाही, क्रॅकच्या फाइलला तो धोकाच समजतो आणि कित्येकदा ती खरंच धोका असते, म्हणून तर क्रॅक टाकताना "अँटीव्हायरस बंद ठेवा" असं लिहिलेलं असतं. दोन वर्षं तो शेठच्या मशीनवर तसाच बंद राहिला, मग मशीन स्लो होणार नाही तर काय.

सीपीयू अडकवायचं म्हणाल तर कराराच्या कायद्याच्या कलम १७० प्रमाणे मेहनतीचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवून घ्यायचा हक्क कारागिराला आहे, पण तो काम नीट केल्यावर. ४५० रुपयांसाठी हा हक्क गाजवू नका, ते पैसे सोडून द्या. मात्र मशीन नुसतं परत पण करू नका, ते नेऊन चालू करतील आणि उरलंसुरलं जाईल, मग ते पण तुमच्याच नावावर. नोटिशीला उत्तर द्यायचं, मुदतीच्या आत, आणि त्यात लिहायचं की आरोप मान्य नाहीत, काम तुमच्या सांगण्यावरून केलं, मशीन आणि जुनी हार्ड डिस्क सीलबंद ठेवली आहे, दोन्ही पक्षांच्या समोर जळगाव किंवा धुळ्याच्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे उघडू, त्याचा खर्च हक्क राखून, जबाबदारी मान्य न करता, मी करतो. हे "हक्क राखून" शब्द महत्त्वाचे, तुमच्या त्या रात्रीच्या मेसेजमध्ये नेमके तेच नव्हते. डेटा निघाला तर शेठनी स्वतःच्या पैशाने ओरिजनल लायसन्स घ्यायचं आणि त्यात तो उघडायचा. तुम्ही परत "तात्पुरतं चालू करून देतो" म्हणालात तर पुढचं पत्र मला लिहू नका.

दुकान चालू ठेवायचंच आहे तर उद्यापासून एक पावती पुस्तक छापा. ग्राहक काय म्हणाला, कोणत्या फोल्डरला हात लावायचा नाही, बॅकअप घेतला की ग्राहक नको म्हणाला, खाली सही. स्कॅनमध्ये सापडलेलं आधी क्वारंटाइन करायचं, यादीचा फोटो ग्राहकाला पाठवायचा, तो हो म्हणाला की मगच पुसायचं. रजिस्ट्री (विंडोजची आतली नोंदवही) साफ करणारी सॉफ्टवेअरं सोडूनच द्या, मायक्रोसॉफ्टसुद्धा ती वापरा म्हणत नाही, स्पीड वाढतो तो ग्राहकाच्या मनात. एका मशीनवर दोन अँटीव्हायरस नको, एकमेकांशीच भांडतात. क्लीनर सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून तर कधीच उतरवू नका, कारण २०१७ मध्ये सीक्लीनरची कंपनीच्याच सर्व्हरवरून आलेली ५.३३ आवृत्तीसुद्धा हॅकरांनी विषारी करून टाकली होती आणि ती २२ लाखांहून जास्त मशीनवर गेली, तिथे भलत्या साइटवरच्या फुकट क्लीनरची काय कथा. तुम्ही शेठच्या मशीनवर टाकला तो कुठून घेतला होता हे मला खरं सांगा, कारण समोरचा वकील हुशार असेल तर पहिला प्रश्न तोच विचारील.

येताना नोटिशीचं पाकीट घेऊन या, पोस्टाचा शिक्का असलेलं, त्याच्यावर ती हातात पडली ती तारीख आत्ताच लिहून ठेवा. फोन घेऊन या, चॅटसकट. ती हार्ड डिस्क आणू नका, ती कपाटातच राहू द्या, कपाटाला कुलूप लावा आणि आज शेठना एवढाच मेसेज टाका की तुमचं सामान सुरक्षित आहे, वकिलामार्फत उत्तर पाठवतोय.