‘माझा विश्वासच कमी पडला का?’

हा प्रश्न विचारणारे बहुधा विश्वासात ढिले पडलेले लोक नसतात. चर्चच्या मंडळीत सर्वांत जास्त राबणारे, दुसऱ्यांसाठी तासन्‌तास गुडघे टेकणारे लोकच तो घेऊन माझ्याकडे येतात. ज्या बाईंविषयी येथे लिहीत आहे, त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. संडे स्कूलमध्ये शिकवण्यात आणि महिलांची प्रार्थनासभा चालवण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली होती. धाकट्या भावाच्या कर्करोगात वर्षभर त्याच्या उशाशी बसल्या, आणि तो गेल्यावर काही महिन्यांनी माझ्याकडे आल्या.

पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून प्रार्थनेची वही काढून माझ्यापुढे ठेवली. डावीकडे तारीख, मध्ये नाव आणि विनंती, उजवीकडे प्रार्थनेचे उत्तर मिळाल्याची लाल शाईतली बरोबरची खूण, अशी पाने मागून पाने होती. भावाच्या नावापुढची जागा मात्र कोरी होती आणि त्या ओळीनंतर वहीत काहीच लिहिलेले नव्हते. “इथे काय करू? खूण करू, की नाव खोडू?” त्यांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही, आणि मी ते तसे सांगितले. उमेदीच्या काळात मी अशा वेळी बायबलमधले एखादे वचन चटकन पुढे केले असते. तसे करून मी काही जणांना अधिक एकटे पाडले आहे, हे आता कळते. बायबलमध्ये संकटांनी खचलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले तोवर ठीक होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर.

बाईंना पहाटे तीनला जाग येत असे, जेवण जात नसे आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नव्हते. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे मी स्पष्ट शब्दांत विचारले. तो येत नव्हता. तरीही मानसोपचारतज्ज्ञांना दाखवण्याचा आग्रह धरला, तेव्हा “गोळी घेणे म्हणजे प्रभूवर अविश्वासच ना?” असे त्या म्हणाल्या. प्रेषित पौलाने आपला सोबती लूक याचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असा केला आहे, त्याला वैद्यकी सोडायला सांगितल्याचे कुठे वाचले आहे का, असे मी विचारल्यावर त्या किंचित हसल्या. औषधाचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, हेही आधीच सांगून ठेवले, नाहीतर चौथ्या दिवशी गोळीही ‘उत्तर न मिळालेल्या’ यादीत गेली असती.

पुढच्या भेटींत आम्ही बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय सावकाश वाचला. कर्मेल डोंगरावर देवाचा अग्नी उतरून मिळालेल्या एवढ्या मोठ्या विजयानंतर ईजबेल राणीच्या एका धमकीने संदेष्टा एलीया रानात पळतो, झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. बाई संडे स्कूलमध्ये कर्मेलाचा अग्नी शिकवत. या झुडपापाशी कधी थांबल्या नव्हत्या. देवदूत येतो तो निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू घेऊन. संदेष्टा खातो, पितो आणि पुन्हा निजतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घालतो. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न येतो तो त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोहोचल्यावर, आणि तेव्हाही त्याची तक्रार देव पूर्ण ऐकून घेतो. “म्हणजे त्याला आधी झोपू दिले,” असे म्हणून बाई बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिल्या. त्या आठवड्यापासून प्रार्थनासभेची जबाबदारी त्यांनी दुसऱ्या भगिनीकडे दिली. मनावर दगड ठेवूनच दिली, हे मला दिसत होते.

प्रार्थनेसाठी शब्द सापडत नाहीत, हे त्यांचे सर्वांत मोठे दुःख होते. त्यावर मी स्तोत्र 88 रोज एकदा मोठ्याने वाचायला सुचवले. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात, हे मात्र तसे वळत नाही. देवाला आपला तारणारा म्हणून हाक मारत ते सुरू होते आणि अंधारातच संपते. “हे बायबलमध्ये आहे?” असे त्यांनी विचारले. इतकी वर्षे स्तोत्रसंहिता वाचलेल्या बाईंनी ते विचारावे, याचे मला नवल वाटले नाही, कारण उपासनेत आपण ते स्तोत्र क्वचितच वाचतो.

झोप सुधारायला महिना-दीड महिना गेला. मन अजूनही काही दिवस खचते, विशेषतः रविवारी, भाऊ ज्या बाकावर बसे तो दिसला की. गेल्या भेटीत त्यांनी वही पुन्हा आणली होती. भावाच्या नावापुढे लाल खूण नव्हती आणि नावही खोडलेले नव्हते; त्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने ‘स्तोत्र 88’ एवढेच लिहिले होते, आणि खालच्या ओळीवर नवी तारीख घातली होती.